लांबडी आणि ठेंगणी

३ जानेवारी

ही डायरी वहिनीने दिली. तिच्या हॉस्पिटलात कुठल्याशा औषध कंपनीने वाटलेली आहे. "यात लिहीत जा," ती म्हणाली, "म्हणजे निदान जेवताना तरी आम्हाला ऐकावं लागणार नाही." दादा हसला. सख्खा भाऊ, पण माझ्या बाजूने एक शब्द काढेल तर शपथ.

तर लिहिते. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करायला घेतली त्याला तीन वर्षं आणि दोन महिने झाले. हाती काय लागलं? भोपळा. उद्या सहामाही अहवाल द्यायचा आहे आणि त्यात लिहायला एकच वाक्य आहे, जे मी गेल्या चार अहवालांत वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंय: बी उगवलं नाही.

कोणी विषय विचारला की सांगायला मी एक सोपी गोष्ट तयार करून ठेवली आहे. शहराबाहेरच्या डोंगरावर दोन झुडपं आहेत. एक खाली ओढ्याकाठी, सावलीत. कमरेइतकं उंच, पान लांब, पातळ, गुळगुळीत. दुसरं वर माथ्यावर, उघड्या खडकात; वीतभर उंच, पान छोटं, जाड आणि मागून पांढऱ्या लवीने भरलेलं. लॅटिन नावं म्हणताना जिभेला गाठ पडते, म्हणून लॅबमध्ये आम्ही त्यांना लांबडी आणि ठेंगणी म्हणतो. लांबडी शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. ठेंगणी ही वेगळी जात आहे, असं आमच्या सरांनी अठरा वर्षांपूर्वी दाखवून दिलं. त्यावर त्यांचं नाव झालं. आता दोघींतला फरक नेमका कुठून येतो, ते मी शोधायचं. त्यासाठी दोघींना एकाच जागी, एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवायचं. एवढंच!

आणि बी ढिम्म. ॲसिडात बुडवलं, गरम पाण्यात घातलं, महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं, संप्रेरकं दिली. आंघोळ करून पुन्हा पडी टाकावी तसं पडून आहे. सरांना विचारावं तर ते म्हणतात, "बघू." या एका शब्दावर त्यांनी सबंध नोकरी काढली असावी.

४ जानेवारी

अहवाल दिला. सरांनी तीन स्वल्पविराम दुरुस्त केले. बाकी "बघू".

१६ जानेवारी

उगवलं! आणि माझ्यामुळे नाही, हे लिहिताना दातओठ खाते आहे.

काचघर सांभाळतात ते माळीकाका. सव्वीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन उरलीत. सकाळी मी आत शिरले तर म्हणाले, "ताई, तुम्ही ते लांबडीचं बी कचऱ्यात टाकलं होतं ना, ते मी उचललं."

"का?"

"बी कचऱ्यात टाकवत नाही मला. जाड वाळूत घालून चोळलं चांगलं. चिखलाचे मोजे चोळतो तसं. मग मातीत पुरलं नाही, वरच ठेवलं. म्हटलं बघू दे जरा उजेड."

ट्रेमध्ये अकरा कोंब होते. टाचणीच्या डोक्याएवढे, हिरवे. तीन वर्षं मी त्या बियांना ॲसिड पाजत होते आणि त्यांना हवा होता मोजे धुणारा माणूस.

मी आनंदाने काकांचा हातच धरला. मग लॅबमध्ये येऊन दहा मिनिटं नुसती चिडून बसले. माझ्या शेजारच्या टेबलावर शेवाळावर काम करणारा एकजण बसतो. त्याला सगळे शेवाळच म्हणतात, तोही हाकेला ओ देतो. तो म्हणाला, "उगवलं ना? मग तोंड का असं?" मी त्याच्यावरच ओरडले.

परवा मी प्रशिक्षणासाठी आठवडाभर बाहेरगावी जाते आहे. काकांच्या हातात दोन पाकिटं दिली. लाल खुणेचं लांबडीचं, निळ्या खुणेचं ठेंगणीचं. दोन्ही असंच चोळून पेरतो म्हणाले. प्रत्येकी चोवीस कुंड्या.

११ फेब्रुवारी

अठ्ठेचाळीस कुंड्यांत अठ्ठेचाळीस रोपं. चार-चार पानं आलीत. लाल पाटीची आणि निळ्या पाटीची शेजारी ठेवली तर मला फरक कळत नाही. सगळी गुळगुळीत.

काका म्हणाले, "लहानपणी सगळी पोरं सारखीच दिसतात, ताई."

सरांना सांगितलं. कागदावरून मान वर न करता म्हणाले, "बघू. आणखी वाढू दे."

२ मार्च

वाढली! चांगली गुडघ्याएवढी वाढली. निळ्या पाटीची चोवीसच्या चोवीस ठेंगणी आता माझ्या गुडघ्याला लागतात. वीतभर राहणारं झुडूप! पान लांब, पातळ, मागून लव शोधायला भिंग लागतं. म्हणजे या सगळ्या लांबड्याच आहेत. निळ्या पाकिटातलं बी या कुंड्यांत कधी पडलंच नाही.

आज तीन तास मोजमापं घेतली आणि दर आकड्यागणिक माझं डोकं तापत गेलं. काय झालं असेल ते उघड आहे. निळं पाकीट कुठेतरी हरवलं किंवा भिजलं. मी आल्यावर काय सांगायचं म्हणून काकांनी लाल पाकिटातलंच बी दोन्हीकडे पेरलं आणि निळ्या पाट्या खोचून दिल्या. सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्यांना?

विचारलं. काचघरातच, नळ चालू होता.

"काका, निळं पाकीट हरवलं होतं का? खरं सांगा, मी काही म्हणणार नाही."

"हरवलं नाही. पेरलं."

"मग ही ठेंगणी अशी का?"

"मी पेरलं तेच उगवलंय, ताई." त्यांनी नळ बंद केला. "वर डोंगरावर वारा असतो, ऊन असतं, पायाखाली दगड. इथं कोण दाबतंय तिला?"

"काका, ही जात आहे. जात उन्हावर ठरत नाही."

"ते तुम्हाला माहीत. मी पेरलं तेच उगवलंय."

पाच वेळा विचारलं, पाच वेळा तेच उत्तर. माणूस खोटं बोलताना निदान शब्द तरी बदलतो. हे तेवढेही कष्ट घेत नाहीत.

५ मार्च

आज सर स्वतः काचघरात आले. तीन वर्षांत दुसऱ्यांदा! काका पलीकडे कात्री पुसत उभे होते.

सर बराच वेळ कुंड्यांच्या रांगेतून फिरले. मग निळ्या पाटीचं एक रोप उचललं आणि पान उलटून पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, अंगठ्याने चोळून पाहिलं. मग दुसऱ्या रोपाचं. मग तिसऱ्याचं. मी आपली बोलत होते, पाकीट, पाट्या, प्रशिक्षणाचा आठवडा. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. एकदाच म्हणाले, "चोवीसही?"

"चोवीसही, सर."

चष्मा काढून त्यांनी पुसला. काचघरात दमट असतं, सगळ्यांचेच चष्मे धुरकट होतात. मग म्हणाले, "लेखी तक्रार दे. पुढे मी पाठवतो."

मी तर चकितच झाले. साधा कागदाचा गठ्ठा मागायचा तर सर तीन आठवडे बघू म्हणतात. आज पंधरा मिनिटांत मजकूर मी लिहिला आणि त्यांनी एकाही स्वल्पविरामाला हात न लावता खाली सही ठोकली. माझ्या कामाची त्यांना इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. उगाच बोल लावत होते त्यांना.

'संशोधनाच्या साहित्यात हेतुपुरस्सर फेरफार.' हे शब्द माझे. चांगले जमले असं वाटलं तेव्हा.

१२ मार्च

काकांची मैदानावर बदली झाली. चौकशी होईपर्यंत गवत कापायचं आणि पट्टे आखायचे. जाताना काचघराची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "पाणी सकाळी घाला, मॅडम. दुपारी घातलं तर पानं भाजतात." मॅडम! दहा दिवसांपूर्वीपर्यंत ताई होते.

त्यांच्या जागी कोण? कोणी नाही. आस्थापना विभाग म्हणतो, जागा रिकामी झालेलीच नाही, माणूस फक्त दुसरीकडे आहे. म्हणजे पाणी मी घालायचं, तण मी काढायचं, पानांना मावा कीड लागली तर साबणाचं पाणी मी मारायचं. ज्या रोपांचा काडीचा उपयोग नाही, त्यांची सेवा करते आहे. उपटून टाकायचीही सोय नाही. चौकशीत पुरावा म्हणून लागतील.

२० मार्च

आज वहिनीशी भांडले. ती ड्यूटीवरून आली होती आणि पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. मी मावा, पाणी, नळ हे सगळं सांगत होते. ती मध्येच म्हणाली, "ते काका याआधी कधी खोटं बोलले होते?"

"नाही. पण म्हणून काय?"

"सव्वीस वर्षांत एकदाही नाही, आणि तुझ्या पाकिटासाठी बोलले?"

"वहिनी, तुला त्यातलं कळत नाही."

"झाडातलं नाही कळत. माणूस खोटं बोलतोय ते कळतं. रोज चाळीसजण मला सांगतात की गोळ्या वेळेवर घेतल्या." तिने टॉवेल मागितला. "तुझा त्यांच्यावर विश्वास नाही ना? मग त्यांचा हात न लागलेलं झाड आण. स्वतः खणून आण आणि स्वतः लाव. ते बुटकं राहिलं तर तू खरी."

"तेच करणार होते मी," असं म्हणून मी आत गेले. करणार नव्हते. पण कल्पना चांगली आहे. शिकवावं लागतंय तेही वहिनीने.

२१ मार्च

सरांना म्हटलं, डोंगरावरून ठेंगणीची जिवंत रोपं आणते. "कशाला उगाच खणाखणी? बी पुरे आहे." बी संपलं आहे, सर. "मग पुढच्या हंगामात बघू." पुढच्या हंगामात माझी चार वर्षं भरतात! हे बोलले नाही. रविवारी जाणार आहे. त्यांना सांगणार नाही.

२३ मार्च

शेवाळला सोबत नेलं. वाटेत प्रत्येक डबक्यापाशी थांबून तो बाटल्या भरत होता, त्यामुळे दोन तासांची चढण चार तासांची झाली.

माथ्यावर वारा असा की टोपी धरायला एक हात कायमचा अडकलेला. ठेंगणी खडकाच्या फटीत अंग चोरून बसलेली. सहा रोपं मुळांसकट काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली. उतरताना शेवाळ अर्ध्या वाटेवर ओरडला, "ही बघ, ही तुझी कुठली?" मधल्या टप्प्यावर विरळ सावलीत एक झुडूप होतं. मांडीपर्यंत, पान मध्यम, लवही अर्धवट. मी म्हटलं, संकर असेल, चल, उशीर होतोय. तो म्हणाला, इथं तर अशी बरीच आहेत. मी म्हटलं, तू तुझं शेवाळ बघ.

सहाही रोपं कुंड्यांत लावली. आत्ता जिथपर्यंत वाढ आहे, तिथे प्रत्येकाच्या खोडाला लाल दोरा बांधला. काचघराला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. हा माझा पुरावा. बघू आता कोण कोणाला दाबतंय.

२ एप्रिल

एक मेलं. पाच जगली. मावा पुन्हा आला. आस्थापना विभागाने पत्र पाठवून विचारलंय की काचघरात अनधिकृत व्यक्ती पाणी का घालते. ती व्यक्ती मी!

१४ एप्रिल

लाल दोऱ्याच्या वर नवी पानं आली आहेत.

१५ एप्रिल

काल एवढंच लिहून पेन ठेवलं. आज लिहिते.

दोऱ्याच्या खाली पान बोटाच्या पेराएवढं, जाड, मागून पांढरंशुभ्र. दोऱ्याच्या वर बोटभर लांब, पातळ, गुळगुळीत. पाचही कुंड्यांत तेच. एकाच खोडावर खाली ठेंगणी आणि वर लांबडी. मी स्वतः खणलं, स्वतः बांधलं, किल्ली माझ्याच गळ्यात.

काल आधी वाटलं, दोरा सरकला असेल. मग वाटलं, कुंड्या बदलल्या. कोणी? मग मी काचघरातल्या उलट्या बादलीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

दोन जाती नाहीतच. एकच आहे. उन्हावाऱ्यात ती ठेंगणी होते, सावलीत लांबडी. मी काचघरात तिला सावली दिली, मऊ माती दिली, सकाळी पाणी दिलं. ती सुखाने वाढली आणि मी एका माणसाला खोटारडा ठरवलं.

प्रबंधाचं काय, हा विचार आज सकाळी आला. आधी नाही आला, हे स्वतःच्या बाजूने लिहून ठेवते. दुसरं काही माझ्या बाजूने लिहिण्यासारखं नाही.

१७ एप्रिल

मैदानावर गेले. काका धावण्याच्या पट्ट्या आखत होते. दोन खुंट्या, ताणलेली सुतळी आणि तिच्या कडेने चुन्याची गाडी. रेघ अशी सरळ की बघत राहावं.

"काका."

"बाजूला व्हा मॅडम, चुना लागेल."

पट्टी संपेपर्यंत उभी राहिले. शंभर मीटर. मग म्हटलं, "काका, तुम्ही पेरलं तेच उगवलं होतं."

"ते मी सांगितलं होतं."

"माझी चूक झाली. माफ करा."

त्यांनी खुंटी उपटली, माती झटकली. मला वाटलं होतं ओरडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्हीची तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं, "मग काय निघालं?"

मी सांगितलं. डोंगर, लाल दोरा, वरची पानं, खालची पानं. सांगता सांगता हातवारे करायला लागले, तेही सुतळी गुंडाळायची थांबवून ऐकत राहिले. शेवटी हसले. "म्हणजे पोरगी एकच. माहेरी ऐसपैस, सासरी अंग चोरून."

मीही हसले. मग रडूच आलं. ते सुतळी गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, तक्रार लेखी केली होतीत ना? मग हेही लेखी द्या. सव्वीस वर्षांत माझ्या फाईलला लाल शाई लागली नव्हती. घरी मुलगी विचारते, बाबा, तुम्ही काय फेरफार केला? तिला काय सांगू, हेतुपुरस्सर म्हणजे काय?"

माझे शब्द. पाठ झालेत त्यांना.

"आणि खाली दोन सह्या होत्या," ते म्हणाले. "आता एक चालणार नाही."

१९ एप्रिल

सर. काय लिहू!

पाचांतली एक कुंडी घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि टेबलावर, कागदांवरच, ठेवली. ओलं गोल उमटलं तरी उचलली नाही. त्यांनी दोरा पाहिला. खालचं पान पाहिलं, वरचं पाहिलं. उठून दार लावलं. मग भिंतीजवळचं लोखंडी कपाट उघडलं. त्याची किल्ली हरवली आहे असं ते मला तीन वर्षं सांगत आले होते. ती त्यांच्याच खिशात होती.

कपाटातून त्यांनी पाच कागद काढले. वाळवून चिकटवलेली झुडपं. मांडीपर्यंतची, मध्यम पानांची, अर्धवट लवीची. सोळा वर्षांपूर्वीची तारीख, त्यांच्याच अक्षरात. डोंगराच्या मधल्या टप्प्यावरची.

"ठेंगणी जाहीर केली त्याच्या दोन वर्षांनी सापडली," ते म्हणाले. "आधी वाटलं संकर. मग वाटलं, दोन्हींचं बी शेजारी पेरून पाहावं. पेरलं. उगवलं नाही." मग म्हणाले, "उगवलं नाही तेव्हा मला बरं वाटलं."

"मग मला हा विषय का दिलात?"

"दोन कारणं होती. एक, तुझ्याकडे उगवलं तर कळेल तरी."

"आणि दुसरं?"

"उगवणार नाही याची जवळपास खात्री होती."

"तीन वर्षं, सर!" मी एवढी मोठ्याने ओरडले की बाहेर कोणाची तरी खुर्ची सरकली. "तीन वर्षं मी बियांना ॲसिड पाजते आहे! आणि तुम्ही स्वल्पविराम बघत बसलात!"

त्यांनी कपाटातले पाच कागद एकावर एक नीट लावले. मी म्हटलं, "आणि काका? त्या दिवशी तुम्ही पान उलटून पाहिलंत, चोळून पाहिलंत. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"तरी सही केलीत?"

"तुला वाटत होतं, माळ्याने घोळ घातला. मला ते हवंच होतं." चष्मा काढून ते हातात फिरवत राहिले. "मी काही शोभेची सबब सांगत नाही. सही करायला सोपं होतं. केली."

मला यावर भांडायचं होतं, पण तक्रारीवरचं अक्षर माझंच होतं. त्यामुळे फार उंच आवाज लावता येईना.

मग त्यांनी अजून एक सांगितलं, मी न विचारता. ठेंगणीच्या लॅटिन नावातला दुसरा शब्द म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव. आई लवकर गेली, ताईने वाढवलं. पहिल्यांदा डोंगरावर जाताना झाडं दाबून वाळवायच्या लाकडी फळ्या तिने उचलल्या होत्या, कारण यांना दम लागायचा. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. "तिच्या घरी भिंतीवर त्या पानाचा फोटो आहे," सर म्हणाले. "आल्यागेल्याला दाखवते, हे माझं झाड."

मी कुंडी उचलली. कागदावर गोल राहिलं. "सर, उद्या मैदानावर यायचंय तुम्हाला," म्हटलं. ते बघू म्हणाले नाहीत.

२० एप्रिल

आले. हातात फाईल धरून पट्टीच्या कडेला उभे राहिले, बुटांना चुना लागला तरी हलले नाहीत. काकांनी पट्टी पुरी केली, पुढचीही पुरी केली. मग हात धुऊन आले. सरांनी पत्र वाचून दाखवलं, कारण काकांनी चष्मा आणला नव्हता. 'फेरफार झाला नव्हता. निरीक्षणाचा अर्थ चुकीचा लावला तो आम्ही.' दोघांच्या सह्या.

काकांनी विचारलं, "यातलं आम्ही म्हणजे कोण?"

"मी," सर म्हणाले. "आणि ही. पण आधी मी."

काकांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. बरं, एवढंच म्हणाले.

६ मे

तक्रार मागे घेण्याचा फॉर्म विद्यापीठात नाही! करण्याचा आहे, तीन प्रतींत आहे. मागे घेण्याचा नाही, कारण आजवर कोणी मागे घेतली नाही, असं कारकुनाने मला अभिमानाने सांगितलं. आठ खेपा झाल्या. शेवटी सर स्वतः निबंधकांच्या दारात जाऊन बसले. दीड तास. सही होईपर्यंत उठले नाहीत.

१३ मे

काका काचघरात परत आले. आल्याआल्या माझ्या हातचा मावा पाहून कपाळाला हात लावला. "साबणाचं पाणी मारलं? पानांच्या वरून मारलं, मॅडम. किडे खाली असतात."

प्रबंधात आभार मानताना तुमचं नाव घालणार आहे, असं म्हटलं तर म्हणाले, "घाला की. पण बी चोळायचं कसं तेही नीट लिहा, नाहीतर पुढचं पोरगं पुन्हा ॲसिड आणायचं." अजून मॅडमच म्हणतात. मीही काही म्हटलं नाही. तो त्यांचा हक्क आहे.

वहिनीला सगळं सांगितलं. मी म्हटलं नव्हतं का, असं ती एकदाही म्हणाली नाही. त्याचा मला जास्त राग आला.

२२ मे

आज वनस्पतिसंग्रहात गेलो, सर आणि मी. मोठ्या पांढऱ्या कागदावर ठेंगणीचा मूळ नमुना आहे, ज्याच्यावरून जात ठरवली तो. अठरा वर्षांत पान तपकिरी झालंय. कागदावरचं जुनं नाव खोडायचं नसतं. आधी कोणाला काय वाटलं ते तसंच राहू द्यायचं, आणि शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची.

चिठ्ठी सरांनी लिहिली. लांबडीचं जुनं, शंभर वर्षांचं नाव, खाली तारीख. 'कोणी ठरवलं' या ओळीवर पेन थांबलं. माझ्यापुढे धरलं.

"तू लिही."

"तुम्ही पण लिहा."

दोघांनी लिहिलं. जागा अपुरी पडली, माझं आडनाव कडेला वर चढलं. मी डिंक लावला, त्यांनी चिठ्ठी बसवून वरून अंगठा फिरवला.

मग म्हणाले, "ताईला छापून येण्याआधी सांगायला हवं," आणि तिथेच, कपाटांच्या मधल्या बोळात, फोन लावला. ताईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या मोठ्याने बोलतात, त्यामुळे पलीकडचं सगळं मलाही ऐकू येत होतं. मी बाहेर जायला लागले तर हाताने थांब म्हणाले.

"ताई, ते तुझ्या नावाचं झाड आहे ना..."

"हां, भिंतीवरचं."

"ते वेगळं नाही निघालं गं. जुन्याच जातीचं आहे. माझी चूक झाली होती. आता तुझं नाव राहणार नाही त्याला."

"मेलं का काय?"

"नाही, झाड आहे. नाव गेलं."

"झाड कुठाय?"

"डोंगरावर. आहे तिथंच."

"मग असू दे की," ताई म्हणाल्या. पलीकडे काहीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "फोटो मी काही काढायची नाही हां. पान चांगलं आहे. तुझा आवाज का असा? जेवलास का?"

"जेवतो, ताई."

"दोन वाजले. कधी जेवणार?"

 फोन कानापासून लांब धरून सर कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडून ताई विचारतच होत्या, "अरे, ऐकू येतंय का? कोण आहे तुझ्याजवळ?"

मी फोन घेतला. "मी त्यांची विद्यार्थिनी बोलतेय. आम्ही आत्ता जेवायलाच निघालोय," असं सांगितलं. खरं तर निघालो नव्हतो. डबा लॅबमध्ये होता आणि त्यात एकाचंच होतं.

अर्धं-अर्धं केलं. सर जेवताना म्हणाले, मधल्या टप्प्यावरची मोजमापं घ्यायला हवीत, पावलापावलावर, खालपासून माथ्यापर्यंत, मीही येतो. म्हणजे तिसरं प्रकरण पूर्ण फेकून द्यायचं, चौथं नव्याने लिहायचं, आणि शीर्षकात 'दोन जाती' आहे ते बदलायला पुन्हा समितीपुढे जायचं, ज्याचा फॉर्म बहुधा नसेलच. आणि सरांना चढताना दम लागतो. फळ्या कोण उचलणार, ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सहाला निघतोय.